बिघाड कुठे होता?

सुरत म्हटली की मराठी माणसाला १६६४ आणि १६७० ही दोन साले आठवतात. आम्ही इतिहासाचे शिक्षक तर ती फळ्यावर लिहूनच तासाला सुरुवात करतो. पण खरे सांगायचे तर माझी सुरतेशी पहिली ओळख पुस्तकातून झाली नाही, ती झाली रेल्वेच्या फलाटावर. भुसावळकडून येणाऱ्या पॅसेंजरने आम्ही दिवाळीच्या सुटीत मावशीकडे सुरतेला जात असू. गाडीतून उतरले की वडील सामानाचे नग मोजत आणि मी फलाटाच्या कडेला उभ्या असलेल्या वजनाच्या यंत्राकडे धावत असे.

ज्यांनी ते पाहिले आहे त्यांना वर्णनाची गरज नाही. माणसाहून उंच पेटी, काचेमागे लुकलुकणारे रंगीत दिवे आणि एक गोल चकती. खालच्या पाटावर उभे राहायचे, चकती थांबेपर्यंत हलायचे नाही आणि मग खाचेत नाणे टाकायचे. आत ‘खटक’ असा आवाज होई आणि पुठ्ठ्याचे छोटेसे तिकीट खालच्या कप्प्यात पडे. तिकिटावर वजन छापलेले असे, सोबत एखाद्या नटनटीचे चित्र आणि भविष्याची एक ओळ. वडील फक्त वजन वाचत आणि आई फक्त भविष्य. एकाच नाण्यात दोघांचेही समाधान होई.

त्या तिकिटाच्या दोन बाबींचा, म्हणजे वजनाचा आणि नशिबाचा, पुढे आयुष्यात इतका विचार करावा लागेल असे तेव्हा वाटले नव्हते.

नाण्याचे वजन आणि माणसाचे वजन

सुरतेत वजन आणि नाणे यांचे नाते जुने आहे. मोगल काळात हे पश्चिम किनाऱ्यावरचे सर्वांत मोठे बंदर. १६१३ साली इंग्रजांची वखार इथे स्थिरावली. मोगलांची टांकसाळ इथे होती आणि परदेशी व्यापाऱ्यांनी आणलेली चांदी तिथे वितळून तिचे रुपये पाडले जात. ‘सुरती रुपया’ पुढे मुंबई इलाख्यात इतका रुजला की कंपनी सरकारनेही आपल्या नाण्यांसाठी तोच नमुना चालू ठेवला. पण रुपया हाती आला म्हणजे तो रुपयाच आहे असे कोणी धरून चालत नसे. तो आधी सराफाकडे जाई. सराफ तो तराजूत घाली, दगडावर आपटून त्याचा आवाज ऐके आणि झीज झालेली असेल तर तेवढा बट्टा कापून घेई. ‘नावाला बट्टा लागणे’ आणि ‘खणखणीत नाणे’ हे आपले शब्दप्रयोग याच सराफकट्ट्यावरून घराघरांत आले. १८३५ साली कंपनीने सर्व मुलखासाठी एकच रुपया ठरवला, १८० ग्रेनचा, म्हणजे सुमारे ११.६६ ग्रॅमचा. त्यानंतर सराफाच्या तराजूचे महत्त्व ओसरत गेले. नाण्याचे वजन करायचे नाही, ते मोजायचे, अशी सवय लोकांना लागली.

म्हणजे पूर्वी माणूस नाण्याचे वजन करी आणि फलाटावरच्या यंत्रात नाणे टाकून माणसाचे वजन होऊ लागले. पण गंमत अशी, की ते यंत्र आपले वजन सांगण्यापूर्वी गुपचूप नाण्याचेही वजन करीत असते. हे मला कळायला बरीच वर्षे जावी लागली.

खाचेचा इतिहास

खाचेत नाणे टाकायचे आणि मोबदल्यात काही मिळवायचे, ही कल्पना दोन हजार वर्षांची आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात अलेक्झांड्रियाच्या हिरो या पंडिताने देवळातल्या पवित्र पाण्यासाठी असे एक यंत्र वर्णिले आहे. वरून नाणे टाकले की ते एका दांडीच्या टोकावरच्या ताटलीत पडे, नाण्याच्या भाराने दांडी झुके, झडप उघडे आणि थोडे पाणी वाहे. दांडी कलंडून नाणे घसरून पडले की झडप आपोआप बंद. यात वीज नाही, पण नाण्याचे वजन हीच यंत्राची किल्ली आहे.

आधुनिक काळात हे काम रेल्वेने पुढे नेले. १८८० च्या दशकात पर्सिव्हल एव्हरिट या इंग्रज गृहस्थाने पोस्टकार्ड विकणारी यंत्रे लंडनच्या स्टेशनांवर आणली. नाणे टाकून चालणाऱ्या वजनयंत्राचे पेटंटही त्याच्या नावावर आहे. गाडीची वाट पाहणारा माणूस, त्याच्या खिशातली चिल्लर आणि हातात रिकामा वेळ. अशा यंत्राला फलाटाहून चांगली जागा कोणती?

त्याच सुमाराला खाचेची दुसरी शाखा फुटली. बव्हेरियाहून अमेरिकेत आलेल्या चार्ल्स फे या कारागिराने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सॅन फ्रान्सिस्कोत ‘लिबर्टी बेल’ नावाचे जुगाराचे यंत्र बनवले. नाणे टाका, दांडा ओढा, तीन चाके फिरतील आणि चित्रे जुळली तर नाणी परत मिळतील. यालाच पुढे स्लॉट मशीन म्हणू लागले. ही यंत्रे अनेक दशके निव्वळ स्प्रिंगा आणि दातेरी चक्रांवर चालली. १९६३-६४ च्या सुमारास शिकागोच्या बॅली कंपनीने ‘मनी हनी’ हे यंत्र काढले आणि त्यात वीज शिरली. दांडा तसाच राहिला, पण चाके कुठे थांबली हे तारांच्या टोकांनी ओळखायचे, रिलेंनी निकाल लावायचा आणि मोटरने नाणी मोजून बाहेर टाकायची, अशी अर्धी यांत्रिक, अर्धी विजेची रचना आली.

एका शाखेच्या यंत्रात नाणे टाकले की वजन मिळते आणि दुसऱ्या शाखेच्या यंत्रात नशीब. दोघांच्या पोटात मात्र तीच खाच, तीच नाणेवाट, तेच रिले आणि तेच दिवे असतात.

एक प्रश्न आणि एक भंगार पेटी

२००९ च्या दिवाळीत माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. आमच्या सीमेवरच्या तालुक्यातली मुले दहावी-बारावी झाली की सुरतेची वाट धरतात, तसा हाही कापडबाजारात कामाला लागला होता. या वेळी तो फराळाला बसला, पण त्याचे लक्ष नव्हते. मित्रांबरोबर तो गोव्याला गेला होता. तिथल्या एका हॉटेलात दिव्यांच्या यंत्रापुढे तो रात्रभर बसला आणि बहिणीच्या लग्नासाठी साठवलेली रक्कम त्यात घालून परतला. घरी कोणाला सांगितले नव्हते. निघताना दारात थांबून त्याने विचारले, “सर, त्या यंत्रात काही बिघाड असेल का हो?”

मी इतिहासाचा एम. ए. त्याला काय उत्तर देणार? पण प्रश्न मनात राहिला. आपण मुलांना लढाया आणि तह शिकवतो, पण दिव्यांच्या एका पेटीच्या पोटात काय असते हे दाखवत नाही, याची टोचणी लागली. पुढच्या उन्हाळ्यात सुरतेच्या भंगार बाजारात मला एक जुने वजनयंत्र दिसले. दिवे फुटलेले, पत्रा गंजलेला, पण आतला सांगाडा शाबूत. मी ते शाळेच्या विज्ञान-खोलीसाठी घेतले आणि टेम्पोत घालून गावी आणले. अर्थात ते बंद होते.

ते दुरुस्त करायला आले आप्पा. मूळचे आमच्याच भागातले. ऐन तारुण्यात सुरतेला गेले आणि उधन्याच्या मागांच्या शेडमध्ये वायरमन झाले. मधली काही वर्षे वजनयंत्रांच्या एका ठेकेदाराकडेही त्यांनी काम केले होते. बोलणे निम्मे अहिराणी, निम्मे गुजराती आणि आकडे सगळे हिंदीत. आल्या आल्या त्यांनी पेटीवर हात फिरवला आणि म्हणाले, “सर, मशीन खोटं बोलस नही. आपलेच इचारता येत नही.”

मला हे वाक्य एखाद्या इतिहासकाराने लिहून ठेवावे इतके मोलाचे वाटले. जुन्या कागदांबद्दल आमचे गुरुजी हेच सांगत.

दोषाचा माग

आप्पांनी पहिल्या दिवशी स्क्रूसुद्धा फिरवला नाही. आधी प्लग काढलेला आहे याची खात्री केली, मग दार उघडून नुसता वास घेतला. कॉइल जळलेली असेल तर वार्निशचा करपट वास वर्षानुवर्षे राहतो. तो नव्हता. मग त्यांनी पिशवीतून आपला सिरीज बोर्ड काढला. हे साधन घरोघरच्या वायरमनकडे असते. शंभर वॅटचा एक साधा दिवा असा जोडायचा, की तपासायच्या वस्तूला वीज त्या दिव्यातूनच मिळावी. दिवा पूर्ण पेटला तर आत शॉर्ट आहे, मंद लालसर पेटला तर वीज कॉइल-दिव्यांतून नीट फिरते आहे, आणि पेटलाच नाही तर वाट कुठेतरी तुटली आहे. दिवा एकच, पण उत्तरे तीन.

आमच्या यंत्राला जोडल्यावर दिवा पेटलाच नाही. म्हणजे वाट तुटलेली. फ्यूजची तार तर शाबूत दिसत होती. पण आप्पांनी फ्यूज काढून दाखवला. ज्या पितळी चिमट्यात तो बसतो त्यावर हिरवा गंज चढला होता. तार धड, चिमटा धड, पण दोघांच्या मधल्या त्या हिरव्या पापुद्र्यातून वीज जात नव्हती. चिमटे घासून साफ केले आणि दिवा मंद लाल झाला. आमच्या मुलांनी टाळ्या वाजवल्या.

आप्पांनी हात वर केला. “थांबा. अजून जीवाचं पाहायचं राहिलं.” त्यांनी बोर्डाची एक तार प्लगच्या पिनेला आणि दुसरी पेटीच्या पत्र्याला लावली. दिवा पेटायला नको होता, तो भकदिशी पेटला. दाराच्या बिजागरीजवळ एका तारेचे आवरण घासून गेले होते आणि उघडे तांबे पत्र्याला टेकले होते. प्लग सरळ भिंतीत घातला असता आणि अर्थिंग नसते, तर पाटावर उभ्या राहिलेल्या पहिल्या मुलाला झटका बसला असता. तार बदलली, अर्थिंगसह तीन पिनांचा प्लग बसवला आणि मगच यंत्राला खरी वीज दिली.

आता दिवे लागले. चकती अर्ध्यावर अडकत होती, पण ते विजेचे दुखणे नव्हते. जुने तेल वाळून डिंकासारखे झाले होते. रॉकेलने धुऊन शिलाई मशीनचे तेल घातल्यावर ती फिरू लागली. राहिला शेवटचा रोग. नाणे टाकले तरी तिकीट पडेना.

इथे आप्पांनी जे केले ते मी आजही नववीच्या वर्गात सांगतो. त्यांनी सुरुवातीपासून एकेक तार तपासली नाही. त्यांनी वाट मधोमध कापली. नाणे खाचेत पडते, नाणेवाटेने घरंगळते, एका दांडीवर पडते, दांडी स्विच दाबते, स्विचमुळे कॉइलला वीज मिळते, कॉइल आकडा छापते आणि तिकीट सोडते. या साखळीच्या मध्यावर आहे स्विच. आप्पांनी तो बोटाने दाबला. ‘खटक!’ तिकीट पडले. म्हणजे स्विचच्या पुढचे सगळे ठीक आणि दोष मागच्या अर्ध्यात. आठ ठिकाणी संशय असेल तर असे निम्मे-निम्मे करत तीन तपासण्यांत दोष सापडतो. एखाद्या बिनतारखेच्या पत्राचा काळ ठरवताना आम्हीही हेच करतो. आधी शतक ठरवायचे, मग त्याचा अर्धा भाग आणि मग दशक.

दुसऱ्यांदा बोटाने दाबले तेव्हा मात्र तिकीट पडले नाही, तिसऱ्यांदा पडले. स्विचचे पॉइंट काळे पडले होते. एक मुलगा पॉलिश पेपर घेऊन धावला, तर आप्पांनी त्याला थांबवले. पॉइंटवर चांदीचा पातळ थर असतो, घासून तो गेला की पॉइंट पुन्हा पुन्हा जळतात. त्यांनी लग्नपत्रिकेच्या जाड कागदाची पट्टी कापली, पॉइंटमध्ये धरून हलकेच ओढली. तीन-चार पट्ट्या काळ्या झाल्या आणि मग बोट दाबले की दर वेळी तिकीट.

मी विचारले, “आप्पा, मागांवर शिकलात हे?” ते म्हणाले, काही मागांवर ताण्याच्या प्रत्येक धाग्यावर एक पातळ पट्टी टांगलेली असते. धागा तुटला की पट्टी खाली पडते, वीज जोडली जाते आणि माग थांबतो. “तिथे पट्टी पडस, इथे नाणं पडस. काम एकच.” उधन्याच्या शेडमधली विद्या आमच्या शाळेच्या खोलीत कशी उपयोगी पडली ते तेव्हा उमगले.

नाण्याची साक्ष

तरीही नाणे टाकल्यावर तिकीट पडेना. आप्पांनी नाणेवाटेचे झाकण काढले. आमचा रुपया आत मधोमध चिकटून बसला होता. तिथे एक लोहचुंबक होता. रुपयाऐवजी लोखंडी वॉशर टाकून फुकट वजन करणारे महाभाग पूर्वीही होतेच, त्यांना पकडायला तो बसवलेला. पण त्याने पकडले ते सरकारी नाणे! आपला रुपया १९९२ पासून स्टेनलेस स्टीलचा आहे आणि ते स्टील चुंबकाला चिकटते. त्याआधीचा रुपया तांबे-निकेलचा होता, त्याला चुंबकाची फिकीर नव्हती.

चुंबक बाजूला केला. आता रुपया घरंगळत दांडीवर पडला, पण दांडी हलली नाही. तिच्या दुसऱ्या टोकाला एक छोटे वजन होते. मग मी रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेतला तराजू मागवला आणि आम्ही सगळे सुरतेचे सराफ झालो. स्टीलचा रुपया भरला ४.८५ ग्रॅम. आईच्या देव्हाऱ्यातल्या डबीतून मी १९८५ सालचा रुपया आणला, तो भरला ६ ग्रॅम. तो खाचेत टाकला आणि ‘खटक’ झाले. दांडी ६ ग्रॅमच्या रुपयासाठी बेतलेली होती. तसे करण्याला कारणही होते. १९७१ पासूनचा ॲल्युमिनियमचा दहा पैसा आणि १९८३ चा रुपया, दोघांचाही व्यास २६ मिलिमीटर. चुंबकाला दहा पैसाही चिकटत नाही. फरक फक्त वजनाचा, २.३ ग्रॅम आणि ६ ग्रॅम. म्हणून यंत्राने नाणे तोलायलाच हवे होते.

एवढ्यात मागच्या बाकावरच्या एका मुलीने खिशातले अकरा कोनांचे दोन रुपयांचे नाणे पुढे केले. “सर, हे टाकून पाहू?” चुंबक पुन्हा जागेवर लावून तिने ते टाकले. तिकीट पडले! आम्ही तराजूत घातले तर बरोबर ६ ग्रॅम, व्यास २६ मिलिमीटर, धातू तांबे-निकेल. १९८३ च्या रुपयाचे माप १९९२ साली दोन रुपयांना देण्यात आले होते. यंत्राला नाण्यावरचा आकडा वाचता येत नाही. त्याच्या लेखी रुपया तोच होता, फक्त त्याची किंमत दुप्पट झाली होती.

पुढच्याच वर्षी, २०११ साली, नवी नाणी आली आणि हा खेळ पुन्हा झाला. नवे दोन रुपये ४.८५ ग्रॅम आणि २५ मिलिमीटरचे, म्हणजे थेट १९९२ च्या रुपयाचे माप. नवा रुपया सुमारे ३.७९ ग्रॅम आणि २२ मिलिमीटरचा, म्हणजे १९८८ पासूनच्या स्टीलच्या पन्नास पैशांचे माप. प्रत्येक माप एकेक पायरी वर सरकले, की रुपया एकेक पायरी खाली उतरला म्हणायचा, हे ज्याचे त्याने ठरवावे. त्याच वर्षीच्या ३० जूनपासून पंचवीस पैसे आणि त्याखालची नाणी चलनातूनच बाद झाली. १८३५ च्या ११.६६ ग्रॅमच्या चांदीच्या रुपयापासून ४.८५ ग्रॅमच्या स्टीलपर्यंतचा प्रवास मी अनेक वर्षे आकड्यांनी शिकवत होतो. मुलांना तो कळला त्या दिवशी, एका न हलणाऱ्या दांडीमुळे.

१ एप्रिल १९५७ रोजी आणे-पै जाऊन नवे पैसे आले तेव्हापासून नाण्याची मापे किती वेळा बदलली पाहा. दर बदलाला खाच कापायची, पट्टी ठोकायची, दांडीचे वजन बदलायचे, हे करावेच लागणार. आमच्या यंत्राच्या खाचेवरही एक पितळी पट्टी रिबीट मारून बसवलेली आहे आणि तिच्याखाली जुन्या स्क्रूंची बुजवलेली भोके दिसतात. कोणा अनामिक कारागिराच्या हातची ती सही आहे. टांकसाळीच्या इतिहासात त्याचे नाव असणार नाही.

आप्पांनी विचारले, “सर, नव्या रुपयाला दांडी लावून देऊ का?” क्षणभर मोह झाला. पण मी नको म्हणालो. दांडी बदलली तर यंत्र चालेल, पण त्याची साक्ष पुसली जाईल. आजही आमच्या यंत्रासाठी अकरा कोनांची नाणी एका डबीत वेगळी ठेवलेली आहेत.

ज्या यंत्रात बिघाड नसतो

आता त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे येतो.

आपल्या भागाची गंमत अशी की नवापूरला फलाटाचा एक भाग महाराष्ट्रात आणि दुसरा गुजरातेत आहे. १ मे १९६० ला राज्ये वेगळी झाली आणि हद्द स्टेशनातून गेली. जुगाराचा कायदा मात्र दोन्हीकडे मुळात एकच, १८८७ चा मुंबई इलाख्याचा. महाराष्ट्राने १९७६ साली कॅसिनोंना परवानगी देणारा एक कायदा केला होता, पण तो कधीच अमलात आणला नाही आणि २०२३ साली रद्दच केला. गोव्याने १९७६ च्या आपल्या कायद्यात १९९२ साली दुरुस्ती करून पंचतारांकित हॉटेलांत स्लॉट यंत्रांना वाट दिली. सुरतेहून एक रात्र प्रवास केला की कायदा बदलतो.

आणि यंत्र? आप्पा गेल्यावर मी फळ्यावर तीन चाके काढली. समजा, प्रत्येक चाकावर दहा चित्रे आहेत. तिन्ही मिळून दहा गुणिले दहा गुणिले दहा, म्हणजे हजार जुळण्या होतात. त्यांतली एकच जुळणी मोठ्या बक्षिसाची. हजार नाणी आत गेली तर सरासरीने एकदा ती येणार. सगळ्या लहानमोठ्या बक्षिसांची बेरीज हजारापेक्षा कमी ठेवली की झाले. यंत्राला लबाडी करावी लागत नाही, तारा तोडाव्या लागत नाहीत, कोणाला फसवावे लागत नाही. पॉइंट चकचकीत, रिले ठणठणीत, फ्यूज जागेवर, आणि तरीही खिसा रिकामा. उलट यंत्र बिघडले तरच मालकाचे नुकसान. म्हणून तर बाकी कशाहीपेक्षा ती यंत्रे नीट राखलेली असतात.

पुढच्या दिवाळीला तो विद्यार्थी आला तेव्हा मी त्याला शाळेत नेले. वजनयंत्राचे दार उघडून नाणेवाट, दांडी, स्विच, कॉइल, सगळे दाखवले. मग फळ्यावरची हजार जुळण्यांची बेरीज. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “म्हणजे सर, ते नीटच चालत होतं.” मी म्हणालो, “हो बाबा. ते नीटच चालत होतं.” तेव्हा कुठे तो रडला. त्याच संध्याकाळी त्याने वडिलांना सगळे सांगितले. बहिणीचे लग्न वर्षभर पुढे गेले, पण झाले. अक्षता टाकायला मीही होतो.

आता नाण्यांचे दिवस सरत आले आहेत. वजनयंत्रे फलाटांवर क्वचितच दिसतात. २०१६ साली यूपीआय आले आणि चहावाल्याकडेही चिल्लर शोधावी लागत नाही. पण दिव्यांची पेटी मात्र आता मुलांच्या खिशात आहे. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केंद्राने २०२५ साली केला, हे चांगलेच झाले. तरी कायदा दार लावतो, आत काय आहे ते घरच्यांना आणि शिक्षकांनाच दाखवावे लागते. मोबाइलचे झाकण उघडून चाके दाखवता येत नाहीत, म्हणून दर वर्षी नववीच्या वर्गाला मी आमच्या जुन्या पेटीचे दार उघडून दाखवतो. प्रत्येक मुलाला एकच प्रश्न असतो: यात तुमचे नाणे कुठे पडते आणि त्याच्या बदल्यात काय मिळते?

आप्पा आता थकले आहेत. सुरतेचे काम सोडून गावी आले. गेल्या वर्षी पॉइंट पुन्हा काळे पडले तेव्हा त्यांना बोलवायची गरज पडली नाही. दहावीच्या दोन मुलांनीच लग्नपत्रिकेची पट्टी कापली आणि ते साफ केले. मी आप्पांना जाऊन सांगितले. ते म्हणाले, “पॉलिश पेपर तर लावला नही ना?” नाही म्हटल्यावर त्यांचा चेहरा खुलला.

यंदाच्या लक्ष्मीपूजनाला आईच्या डबीतला १९८५ चा रुपया चौरंगावर असेल. बाजारात आज त्याला कोणी विचारत नाही, पण आमच्या यंत्रात तो अजूनही चालतो.